बाँडपेक्षा पेनड्राइव्ह महागात पडेल

प्रश्न : मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर आहे. एकूण अनुभव तीन वर्षं चार महिने. त्यातली गेली दोन वर्षं रिफायनरी विस्ताराचं काम घेतलेल्या एका कंत्राटदार कंपनीत आहे. रुजू होताना तीन वर्षांचा बाँड लिहून घेतला, आधी सोडल्यास तीन लाख रुपये भरायचे. गोपनीयतेच्या करारावरही सही आहे आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं एचआरकडे जमा आहेत. आता आखातातल्या एका गॅस प्रकल्पासाठी तीन आठवड्यांनी मुलाखत आहे. तयारीसाठी आमच्या प्रकल्पाचे पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचे नकाशे), कॉज अँड इफेक्ट चार्ट (कशामुळे काय बंद व्हावं याचे तक्ते) आणि हॅझॉपचे (संभाव्य धोक्यांच्या अभ्यासाचे) तक्ते पेनड्राइव्हवर घेऊन ठेवले आहेत. एजंट म्हणतो, ‘पोर्टफोलिओ पाठवा, अनुभव पाच वर्षांचा दाखवू, मुलाखत पक्की करायला ९० हजार रोख द्या.’ बाँडमुळे मला अडवतील का? साइटवर मध्यंतरी गॅसगळती झाली, तिची चौकशी चालू आहे. मुलाखतीत विचारलं तर काय सांगू? आणि सिक लीव्ह टाकून मुलाखतीला गेलं तर चालेल का?

उत्तर : तुम्हाला भीती बाँडची आहे आणि पेनड्राइव्हचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे. मी क्रम उलटा लावतो. बाँड मोडलात तर भांडण पैशांचं होईल, आणि तेही वाटाघाटीत मिटण्यासारखं. पेनड्राइव्हवरून मात्र पोलिसांत तक्रार होऊ शकते.

तुम्ही काम केलेल्या प्रकल्पाचे नकाशे तुमचे नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे आराखडा किंवा आकृती हीसुद्धा ‘कलाकृती’ धरली जाते, आणि वेगळा करार नसेल तर नोकरीत असताना केलेल्या कामाची मालकी मालकाकडे जाते. रिफायनरीत तर आणखी एक पदर असतो. युनिटचं तंत्रज्ञान बहुधा बाहेरच्या लायसेन्सरचं, म्हणजे ते परवान्यावर वापरायला देणाऱ्या कंपनीचं असतं. त्याने रिफायनरीकडून गोपनीयतेची हमी घेतलेली असते, रिफायनरीने ती तुमच्या कंपनीकडून आणि कंपनीने तुमच्याकडून. म्हणजे एक कागद बाहेर गेला तर दुखावणारे तिघे. त्यातच माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीवाचून संगणकातली माहिती उतरवून किंवा कॉपी करून घेणं सरळ नमूद आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘फक्त अभ्यासासाठी घेतलं होतं’ हा बचाव मांडता येतो, पण त्याच फाइली एजंटच्या ईमेलमध्ये सापडल्या की त्यात काही राम उरत नाही.

म्हणून पोर्टफोलिओ पाठवू नका. मुलाखतीला पेनड्राइव्ह नेऊ नका, फोनमधला फोटोही दाखवू नका; नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत क्लायंटचं नाव, प्रकल्प क्रमांक, रिव्हिजन सगळं छापलेलं असतं. फाइली स्वतःला ईमेल करू नका, क्लाउडवर चढवू नका. लोक घाबरून आणखी एक गोष्ट करतात, ती म्हणजे रातोरात सगळं पुसून टाकणं. कंपनीच्या यंत्रणेत कुठली फाइल कधी कॉपी झाली याची नोंद बहुधा असते. पेनड्राइव्ह कोरा केल्याने ती नोंद जात नाही, उलट पुरावा नष्ट केल्याचा संशय वाढतो. फाइली कामासाठी रीतसर घेतल्या असतील तर रीतसर परत करा. तशा नसतील तर काहीही करण्याआधी बाँड, गोपनीयता करार आणि कंपनीचं आयटी धोरण घेऊन एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. ही गोष्ट पत्रातून निस्तरता येणारी नाही.

मग मुलाखतीत दाखवायचं काय? डोक्यातलं. नोकरीत मिळवलेलं सर्वसाधारण कौशल्य आणि अनुभव ही माणसाची स्वतःची मिळकत, आणि मालकाची विशिष्ट गुपितं ही मालकाची, हा फरक न्यायालयं करत आली आहेत. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. करार आणि विश्वासभंगाच्या तत्त्वांवर हे खटले चालतात, त्यामुळे या फरकाला फार महत्त्व येतं. थ्री फेज सेपरेटरची लेव्हल कशी धरायची, इमर्जन्सी शटडाउन झडप आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे बसतात, लूप चेकिंग कोणत्या क्रमाने करायचं, एसआयएल (सुरक्षा यंत्रणा किती भरवशाची हवी याची पातळी) कशावरून ठरते, टू आउट ऑफ थ्री व्होटिंग (तीनपैकी दोन सेन्सरांचा कौल) कशासाठी ठेवतात, हे सगळं तुमचं आहे. पॅनेलने मार्कर हातात दिला तर बेधडक काढून दाखवा. एखाद्या टॅगचा (क्रमांक दिलेल्या उपकरणाचा) प्रत्यक्ष सेट पॉइंट, व्हेंडरने दिलेला दर, लायसेन्सरचा डेटा, क्लायंटच्या हॅझॉपमध्ये निघालेल्या त्रुटी, हे तुमचं नाही. कामाचं वर्णनही असंच करा: ‘एका रिफायनरीच्या विस्तारात फायर अँड गॅस यंत्रणेचं प्री-कमिशनिंग माझ्याकडे होतं, मी अमुक प्रकारचे डिटेक्टर तपासले.’ रिफायनरीचं नाव सांगायला करारात मनाई नसेल तर तेही सांगा. तयारीसाठी आयईसी ६१५११ हे सुरक्षा यंत्रणांचं आंतरराष्ट्रीय मानक, ओआयएसडीची (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय) मानकं, एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) मानकं उघड उपलब्ध आहेत, काही विकत घ्यावी लागतात एवढंच. पॅनेलने खोदून विचारलं तर ‘यापुढचं माझ्या गोपनीयतेच्या करारात येतं’ असं शांतपणे म्हणा. पॅनेलवर मुरलेली माणसं असतील तर त्यांना हे उत्तर खटकणार नाही. जुन्या मालकाचे कागद टेबलावर पसरणारा उमेदवार उद्या आपलेही पसरेल, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

गॅसगळतीचंही हेच. चौकशी चालू असलेल्या घटनेचा तपशील तिऱ्हाइतापुढे मांडू नका, कुणाची चूक होती यावर मत तर मुळीच देऊ नका. सुरक्षिततेवरचा प्रश्न मात्र येणारच, कारण या उद्योगात तो चुकत नाही. त्यासाठी सार्वजनिक नोंदीतल्या घटना नीट वाचून जा. २७ जुलै २००५ ला बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर सपोर्ट जहाज आदळलं, रायझर (समुद्रतळाकडून प्लॅटफॉर्मवर येणारा पाइप) फुटून आग लागली आणि २२ जणांचा बळी गेला. रायझर कुठे असावेत आणि जहाजाने प्लॅटफॉर्मजवळ कधी येऊ नये यावर त्यातून बोलता येतं. तुमच्या विषयाला त्याहून जवळचं उदाहरण जयपूरच्या तेल डेपोचं. २९ ऑक्टोबर २००९ ला तिथे पेट्रोलची गळती होऊन भीषण स्फोट आणि आग झाली. एम. बी. लाल समितीच्या अहवालात कार्यपद्धती न पाळण्यापासून झडपेच्या रचनेपर्यंत कारणं मांडली आहेत, आणि नियंत्रण कक्षातून झडप बंद करण्याची सोय चालू नव्हती हा मुद्दाही आहे. इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला यावर पंधरा मिनिटं बोलता आलं पाहिजे.

गोपनीयतेचा करार मुलाखतीच्या खोलीत लागू होतो. चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे तो ढाल म्हणून वापरता येत नाही. तिथे बोलावलं तर खरं तेच सांगायचं, कंपनीतल्या कुणी ‘सही केली आहेस, लक्षात ठेव’ असं बजावलं तरी.

आता बाँड. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. ऐकायला हे फार दिलासादायक वाटतं, आणि इंटरनेटवर बाँड म्हणजे कागदाचा तुकडा असं ठोकून देणारे याच कलमावर थांबतात. न्यायालयं थांबलेली नाहीत. निरंजन शंकर गोलिकरी यांच्या १९६७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या मुदतीपुरतं घातलेलं बंधन वेगळं धरलं आणि टायर कॉर्ड कारखान्यातल्या कर्मचाऱ्याने कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे तसलंच काम करू नये हा मनाईहुकूम कायम केला. २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अटही वैध ठरली. ती सार्वजनिक बँक होती आणि भरतीप्रक्रियेवर होणाऱ्या खर्चाचा विचार न्यायालयाने केला. तुमच्या खासगी कंपनीला तो निकाल जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, पण ‘बाँड टिकतच नाही’ असं आता कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

तरी तीन लाख लिहिले म्हणून तीन लाख द्यावे लागतात असंही नाही. कलम ७४ नुसार करारातली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय देतं ती वाजवी भरपाई. कंपनीने तुमच्यावर खरोखर काय खर्च केला? बाहेरचं प्रशिक्षण दिलं, की आठवडाभर स्लाइड दाखवल्या? तीनपैकी दोन वर्षं तुम्ही भरली आहेत, हाही तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. प्रशिक्षणाची पत्रं, तारखा, वेतनचिठ्ठ्या आत्ताच एकत्र करून ठेवा. आणि तुम्हाला कामावर जबरदस्तीने कुणी ठेवू शकत नाही; वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा बळाने अमलात आणत नाही. नुसतं मुलाखतीला जाणं हा बाँडचा भंग नव्हे, करारात स्पष्ट तसं लिहिलं नसेल तर. नव्या कंपनीच्या फॉर्मवर बाँडबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. काही कंपन्या बाँडची रक्कम स्वतः भरतात, पण ते बोलणं लेखी असू द्या. आणि हातात लेखी ऑफर येईपर्यंत राजीनामा नको. ‘मेडिकल आणि व्हिसाच्या अधीन’ असलेल्या ऑफरवर उडी मारून अनेकांनी दोन्ही नोकऱ्या घालवल्या आहेत.

मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याची कंपन्यांची सवय मला विशेष चीड आणते. दुसऱ्याची वस्तू थकबाकीपोटी अडकवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँकर वगैरे मोजक्यांना आहे, बाकीच्यांना स्पष्ट करार असल्याशिवाय नाही. आम्हा वकिलांनासुद्धा फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल धरून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना खटल्यात सांगितलं आहे. बाँडमध्ये तशी अट शोधा. सापडली तरी तिच्यावर वाद घालायला जागा आहे. आधी एचआरला साधा ईमेल करा: ‘माझी मूळ प्रमाणपत्रं अमुक तारखेपासून आपल्याकडे आहेत, ती परत मिळावीत.’ कारण देण्याची गरज नाही. उत्तर काहीही आलं तरी प्रमाणपत्रं त्यांच्याकडे आहेत याचा पुरावा तुमच्या हाती येतो. नाही म्हणाले तर नोटीस, आणि तरीही नाही तर विशिष्ट अनुतोष कायद्याखाली वस्तू परत मिळवण्याचा दावा.

एजंटबद्दल मला शंका उरलेली नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. ती ईमायग्रेट पोर्टलवर पाहता येते. नोंदणीकृत एजंटनेही उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घ्यायचं, तेही पावती देऊन. मुलाखत ‘पक्की करण्याचे’ ९० हजार, आणि तेही रोख, या चौकटीत कुठेच बसत नाहीत. तो नोंदणीकृत असो वा नसो, पैसे देऊ नका. त्याचे मेसेज मात्र जपून ठेवा. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाकडे तक्रार करायची झाली तर तोच पुरावा. ज्या कंपनीत मुलाखत आहे तिच्या अधिकृत पत्त्यावर थेट लिहून मुलाखत खरंच ठरली आहे का हेही विचारा.

पाच वर्षांच्या अनुभवाचं पत्र तो बनवेल, वापराल मात्र तुम्ही. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवज तयार करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हे दोन्ही स्वतंत्र गुन्हे आहेत, वर फसवणुकीचं कलम. पकडलं जाणं अवघडही नाही: यूएएनवरच्या (भविष्यनिर्वाह निधीच्या क्रमांकावरच्या) सेवेच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, पडताळणी करणारे तीच आधी मागतात. परदेशात पोचल्यावर हे उघड झालं तर तिथला कायदा आणि तिथली भाषा, दोन्ही तुमच्या ओळखीची नसतील. तीन वर्षं चार महिने आहेत ते तेवढेच सांगा. जाहिरातीतली पाच वर्षांची अट पक्की आहे की शिथिल होऊ शकते, हेही मुलाखत घेणाऱ्या कंपनीला त्याच पत्रात विचारून टाका.

राहिली सिक लीव्ह. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र लावून मुलाखतीला गेलात, तर बाँडवरून भांडणाऱ्या कंपनीला गैरवर्तनाचं आयतं कारण मिळेल. शिल्लक असलेली साधी रजा घ्या, ‘वैयक्तिक काम’ एवढंच लिहा. मुलाखत व्हिडिओवर असेल तर कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचं वायफाय वापरू नका.