स्वमग्न मुलीला वाचनासाठी घरचा कुत्रा जिल्हा परिषदेच्या शाळेत नेता येईल का?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: गाव केज तालुक्यात, मुलगी नऊ वर्षांची, तिसरीत, स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) प्रमाणपत्र आहे. घरी अडखळत का होईना वाचते, पण वर्गात पुस्तक उघडलं की तोंड मिटतं. घरच्या गावठी मोत्याजवळ मात्र शांत बसते. मोत्याला शिकवून शाळेत न्यावं की त्यासाठी लॅब्राडोर घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

लॅब्राडोर घेऊ नका. मोत्याला दिवसभर वर्गात बसवायचा विचारही सोडा. आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, वेगळ्या खोलीत, मोठ्या माणसाच्या हाती पट्टा ठेवून वाचनाला सोबत, एवढं गावात जमण्यासारखं आहे आणि माझ्या मते तुमच्या लेकराला तेवढंच लागतं.

परदेशातल्या व्हिडिओंमुळे इथे गोंधळ होतो. अमेरिकेच्या कायद्यात मदतनीस कुत्रा म्हणजे एकाच दिव्यांग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा: अंधाला वाट दाखवणारा, कर्णबधिराला दारावरची बेल कळवणारा. नुसता धीर वाटतो म्हणून जवळ ठेवलेला कुत्रा त्यात बसत नाही. मदतनीस कुत्रा तयार व्हायला दीड-दोन वर्षं जातात. थेरपीचा कुत्रा वेगळा. तो त्याच्या मालकासोबत येतो, थोडा वेळ मुलांजवळ थांबतो आणि परत जातो. तुम्हाला हा दुसरा प्रकार हवा आहे. मुलांनी कुत्र्याला वाचून दाखवायचं, असा उपक्रम सॉल्ट लेक सिटीत १९९९ मध्ये सुरू झाला आणि नंतर बऱ्याच देशांत पसरला. कुत्रा वाचायला शिकवत नाही. तो हसत नाही, चूक काढत नाही, घाई करत नाही. त्यामुळे मुलाची भीती उतरते आणि सराव वाढतो. अक्षरओळखच नसेल तर कुत्र्याचा काही उपयोग नाही, तिथे आधी विशेष शिक्षकांचं काम.

मोत्या चालेल का, हे आधी पाहा. वय किमान दीड-दोन वर्षं हवं. त्याच्या मागे स्टीलचं ताट पाडा. दचकला तरी हरकत नाही, पण काही सेकंदांत सावरून ताट हुंगायला यायला हवा. कान, पंजे, शेपटी परक्या माणसाने धरली तर काय करतो? दोन पोरं ओरडत पळाली तर मागे धावतो का? खाताना जवळून कोणी गेलं तर गुरगुरतो का? आजवर एकदाही कोणाला चावला असेल तर विषय तिथेच संपला. शेतातल्या आखाड्यावर राखणीला वाढलेला कुत्राही शक्यतो नको. परका दिसला की भुंकायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आपल्या लातूर-सोलापूर पट्ट्यातली कारवान कुत्री देखणी आणि इमानी, पण पळणाऱ्यामागे धावणं हा त्यांचा पिंड आहे आणि परक्याचा हात त्यांना फारसा रुचत नाही. शाळेची मधली सुट्टी त्यांच्यासाठी नाही.

शिकवायचं मुख्य काम एकच: सतरंजीच्या तुकड्यावर निवांत पडून राहणं. ‘जागेवर’ म्हणा, चारही पाय सतरंजीवर आले की लगेच हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. आधी पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट. दिवसातून तीनदा, दर वेळी पाचच मिनिटं. तो थांबायला लागला की तुम्ही एक पाऊल मागे सरका. नंतर मुलीला शेजारी बसवून नुसती पानं उलटू द्या, मग वाचू द्या, मग भांड्यांचा आवाज, मग घंटा. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वेळ आणि अंतर एकदम वाढवलं की कुत्रा उठतो, माणूस रागावतो आणि मग कुत्र्याला ती सतरंजीच नकोशी होते. उठला तर ओरडू नका, वेळ निम्म्यावर आणा. वीस मिनिटं पडून राहायला दोन-तीन महिने लागतील असं धरून चाला. सोबत ‘सोड’ म्हणताच समोरचं खाणं सोडून देणं पक्कं करा, कारण शाळेत खिचडी सांडलेली असते आणि तिच्यासाठी भटकी कुत्रीही आलेली असतात. भेट पोषण आहाराच्या वेळेपासून लांबच ठेवा.

आता प्रत्यक्ष वाचनाची वेळ. खोलीत एवढेच: मुलगी, मोत्या, पट्टा धरणारं मोठं माणूस आणि जमल्यास शिक्षक. पट्टा धरणाऱ्याचं लक्ष कुत्र्यावर असावं, म्हणून वाचनाकडे पाहायला शिक्षक वेगळे असलेले बरे. मोत्या आधी जाऊन सतरंजीवर पडलेला असावा, मुलगी नंतर येईल. तिने बाजूने बसावं, तोंडासमोर नाही. मजकूर तिच्या इयत्तेपेक्षा एक पायरी सोपा घ्या आणि पुस्तक तिलाच निवडू द्या. पहिली दोन मिनिटं हात फिरवणं, दहा मिनिटं वाचन, शेवटची तीन मिनिटं केस विंचरणं, मग साबणाने हात धुणं. हा क्रम दर वेळी तोच ठेवा आणि चार चित्रांच्या पट्टीवर तिला दिसू द्या. पुढे काय होणार हे माहीत असलं की स्वमग्न लेकरं स्थिरावतात. अडली तर ‘चुकलं’ म्हणू नका. ‘मोत्याला हा शब्द कळला नाही, परत सांगतेस का?’ असं विचारा. तिला थांबायचं असेल तर दाखवायला एक ‘पुरे’चं कार्ड हाताशी ठेवा आणि ते दाखवल्यावर खरोखर थांबा.

बिघडतं ते बहुतेक मिठीमुळे. गळ्यात हात टाकणं लेकराला प्रेम वाटतं, कुत्र्याला अडकल्यासारखं वाटतं. झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली, यातलं काहीही दिसलं की त्या दिवसापुरतं संपवा. गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, ती मारून बंद केली तर कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावेल. मुलीचा पट्टा कुत्र्याच्या पट्ट्याला बांधणं हा प्रकार काही व्हिडिओंत दिसतो, तो अजिबात करू नका. कुत्रा दचकून पळाला तर लेकरू फरफटत जाईल. ती ओरडत, हातपाय झाडत असेल तेव्हा मोत्याला जवळ आणू नका. आणि ‘अभ्यास केला नाही तर मोत्या येणार नाही’ अशी धमकी कधीच देऊ नका, कारण मग कुत्र्यासोबत भीतीही खोलीत येते.

आरोग्याच्या बाबतीत ढिलाई चालणार नाही. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, गोचीड दर आठवड्याला कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात तपासायचे. अंगावर गोल चट्टे, केस गेलेले दिसले तर भेट बंद. नायटा मुलांना लागतो. कच्चं मांस घालू नका. आदल्या दिवशी आंघोळ, नखं कापलेली. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तालुक्याला सरकारी दवाखाना आहे. तिथून तपासणीचा कागद घ्या. तरीही दात किंवा नख लागून ओरखडा आला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद काही लावू नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. माणसाला कातडीत द्यायच्या रेबीजच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा सांगायला हवा. मार्चपासून भेट सकाळी नऊच्या आतच. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्या जमिनीवर मोत्याचे पंजेही भाजतात.

परवानगी तोंडी घेऊ नका. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार शाळेने गरजेप्रमाणे सोय करून द्यायची आहे, पण कुत्र्याला शाळेत नेण्याचा हक्क त्यात वेगळा लिहिलेला नाही. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचे आदेश दिले, त्यामुळे मुख्याध्यापक बिचकणार हे गृहीत धरा. अर्जात दिवस, वेळ, खोली, पट्टा कोण धरणार, कुठल्या दाराने आत-बाहेर जाणार हे लिहा. लसीकरणाचा आणि तपासणीचा कागद जोडा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांकडून हे मुलीच्या वैयक्तिक शैक्षणिक योजनेत नोंदवून घ्या. ज्या लेकरांना कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी आहे, त्यांच्या वाटेत मोत्या येता कामा नये.

सुरू करण्याआधी दोन आठवडे कुत्र्याशिवाय नोंद ठेवा: एका मिनिटात किती शब्द वाचले, किती वेळ बसली, किती वेळा नकार दिला. मग मोत्यासोबत तीच नोंद. आठ आठवड्यांत फरक दिसला नाही तर बंद करा. फरक दिसला तर त्याला हळूहळू लांब न्या: आधी शेजारी, मग खोलीच्या कोपऱ्यात, मग दाराबाहेर, शेवटी वहीत नुसता त्याचा फोटो. दर टप्प्याला वाचन टिकलं तरच पुढे. ती मोत्याशिवाय वर्गात वाचू लागेपर्यंत हे काम पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही.

शाळेने नकारच दिला, तर हेच सगळं घरी ओसरीवर करा आणि आठवड्यातून एकदा शिक्षकांना तिथे बोलवा. घरात उस्मानाबादी शेळी असेल तर गणितासाठी ती कुत्र्यापेक्षा बरी: करडांचं दर रविवारी ताणकाट्यावर वजन करून वहीत लिहायचं, चारा मोजून टाकायचा, गाभण राहिल्यापासून साधारण १५० दिवस कॅलेंडरवर खोडत जायचे. शिंगं मारणारा बोकड मात्र लांब बांधा, गाभडलेल्या (गर्भ पडलेल्या) शेळीजवळ मुलीला जाऊ देऊ नका आणि दूध उकळल्याशिवाय देऊ नका.