वाचकांचे प्रश्न : वर्षावनात कॅमेरा घेऊन

प्रश्न : पहाटे एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्स धुरकट होते. पुसली तरी पुन्हा वाफ धरते. पक्षी सर्वाधिक बोलतात नेमकी तीच वेळ वाया जाते.

उत्तर : पुसू नका. काच थंड आहे तोवर दमट हवेतली वाफ तिच्यावर जमतच राहणार, आणि शर्टाच्या टोकाने पुसाल तर कोटिंगवर ओरखडे. रात्रीच बॅटरी-कार्ड घालून, लेन्स लावून कॅमेरा हवाबंद पिशवीत ठेवा, म्हणजे सकाळी पिशवी उघडायचे निमित्तच उरत नाही. निघण्याआधी तासभर ती तशीच बंद, व्हरांड्यात. दव पिशवीवर जमते, काचेवर नाही. ६०० मिमीच्या जड लेन्सला कोमट व्हायला अर्धा तास पुरत नाही. ती थंड असताना कॅमेऱ्यावरून काढलीत, तर दव सेन्सरवर बसेल. परतल्यावर सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या) डब्यात ठेवा. आत आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी, नाहीतर बुरशी लागते.

प्रश्न : उंच फांदीवरचे पक्षी फोटोत निव्वळ काळे येतात.

उत्तर : मागे ढगाळ पांढरे आकाश असते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर त्याला करडे करायला जातो आणि पक्षी काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय, +१ ते +२ करा. आकाश पांढरेफटक पडले तर पडू द्या, पिसे दिसायला हवीत. पण तोच पक्षी उडून गर्द झाडीपुढे बसला की हे +२ नडते, पांढरी छाती पार जळून जाते. म्हणून कॉम्पेन्सेशनच्या डायलवरून अंगठा काढू नका, मागचे दृश्य बदलले की लगेच फिरवा. बहुतेकांची चूक इथेच होते.

झाडीच्या तळाशी उजेड फारच कमी. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ३२०० ते ६४००, हाताची थरथर सावरणारे स्टॅबिलायझेशन चालू, आणि बसलेल्या पक्ष्याला शटर १/२५० सेकंद. गाताना मान हलते, तेव्हा सात-आठ फ्रेम सलग घ्या, एखादी स्थिर निघते. नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) नंतर काढता येतो, हललेला डोळा नाही. ऊन डोक्यावर आले, की कॅमेरा बॅगेत आणि दुर्बीण गळ्यात.

प्रश्न : दुर्बीण ८×४२ की १०×४२?

उत्तर : जंगलात ८×४२. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये. ८×४२ मध्ये डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ५.२५ मिमी रुंद, १०×४२ मध्ये ४.२, म्हणून अंधाऱ्या झाडीत ८×४२ मधून उजळ दिसते. शिवाय दृश्य रुंद, त्यामुळे पानांतून सरकणारा वेगवेगळ्या जातींचा मिश्र थवा हातचा जात नाही.