जनुकीय चाचणी आणि कायद्याचे संरक्षण

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला आणि तपासणीत तिच्या बीआरसीए-१ या जनुकात दोष आढळला. डॉक्टरांनी मलाही चाचणी करून घ्यायला सांगितले आहे. परंतु हा अहवाल उद्या नोकरीच्या किंवा विम्याच्या आड येईल, या धास्तीने मी तीन महिने चालढकल करीत आहे. कायदा मला संरक्षण देतो का?

उत्तर : आपली धास्ती अनाठायी नाही, तरीही तिच्यापायी चाचणी टाळू नका, असे मी कळकळीने सांगेन. सख्ख्या बहिणीत हा दोष असल्यास तो आपल्यात असण्याची शक्यता साधारण 50 टक्के असते. तो असला म्हणजे कर्करोग होणारच असे नव्हे, पण वेळीच कळले तर पुष्कळ काही करता येते.

कायद्याचे संरक्षण देशागणिक बदलते आणि बहुतेक ठिकाणी ते अपुरे आहे. अमेरिकेच्या 2008च्या कायद्याने मालकाला नेमणूक, बढती किंवा बडतर्फी यांसाठी आणि आरोग्यविमा कंपनीला हप्ता ठरवण्यासाठी जनुकीय माहिती वापरण्यास मनाई केली. या माहितीत नातेवाइकांचे अहवालही मोडतात, म्हणजे बहिणीचा अहवालसुद्धा आपल्याविरुद्ध वापरता येत नाही. मात्र आयुर्विमा, अपंगत्वाचा विमा आणि 15 हून कमी कर्मचारी असलेले मालक या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. कॅनडाचा 2017चा कायदा अधिक कडक आहे. तेथे कोणत्याही कराराची अट म्हणून चाचणी करायला लावणे किंवा तिचा निष्कर्ष मागणे हा गुन्हाच ठरतो. म्हणून आपल्याला कोणता कायदा लागू होतो आणि कोणत्या विम्याला, हे आधी पाहावे. आयुर्विमा घ्यायचाच असेल तर तो चाचणीपूर्वी घ्यावा. परंतु अर्जात कुटुंबातील आजारांविषयी विचारले असल्यास बहिणीचा आजार लपवू नये, कारण खोट्या उत्तरामुळे पुढे दावा फेटाळला जाऊ शकतो.

मला अधिक काळजी वाटते ती गोपनीयतेची. 2023 साली टपालाने संच पाठवून जनुकीय चाचणी करून देणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीची सुमारे 14 हजार खाती इतरत्र चोरलेले पासवर्ड वापरून उघडण्यात आली. पण नातेवाईक शोधून देण्याच्या सोयीमुळे सुमारे 69 लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतील बहुतेकांचे स्वतःचे खाते फोडलेलेच नव्हते. पासवर्ड बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत.

म्हणून टपालाने येणाऱ्या संचाऐवजी डॉक्टरांमार्फतच चाचणी करावी आणि संमतीपत्र घरी आणून निवांत वाचावे. लाळेचा किंवा रक्ताचा नमुना किती काळ ठेवणार, तो नष्ट करण्यास सांगता येईल का, कंपनी विकली गेल्यास माहिती कोणाच्या हाती जाईल, हे त्यात स्पष्ट असले पाहिजे. संशोधनाची संमती स्वतंत्रपणे घेतलेली असावी आणि ती नाकारली म्हणून चाचणी अडता कामा नये. ‘नाव काढून माहिती दिली जाईल’ एवढ्या वाक्यावर विसंबू नका, कारण जनुकांचा क्रमच माणसाची ओळख पटवू शकतो. आपल्याला मुले असतील तर निष्कर्ष त्यांना केव्हा आणि कसा सांगायचा, हे समुपदेशकाशी चाचणीपूर्वीच बोलून ठरवावे.