दोन हजार वस्तीच्या किनारी गावात सांडपाणी प्रक्रियेसाठी एसबीआर घ्यावे की एमबीबीआर?

दोन्ही घेऊ नका, तळी करा. एसबीआर एकाच टाकीत हवा देणे आणि गाळ बसवणे पाळीपाळीने करते, एमबीबीआर हवा दिलेल्या टाकीत प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवते. दोन्ही विजेवर चालतात. आपले गाव खाडीच्या मुखाशी आहे आणि नळयोजनेतून माणशी 55 लिटर पाणी मिळते, असे आपण लिहिले आहे. त्यातील 80 टक्के सांडपाणी धरले तरी दिवसाला 88,000 लिटर होते. एवढ्या पाण्यासाठी हवा फुंकणारा ब्लोअर, विजेचे पॅनेल आणि पाळ्यांचे ऑपरेटर ही चैन लहान ग्रामपंचायतीला झेपत नाही, हे मी सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या माझ्या गावात पाहिले आहे.

आमच्या ग्रामसभेत हा विषय आला तेव्हा माझे थोरले चुलतभाऊ सरपंच होते. शहराचे सांडपाणी नदीत नेणाऱ्या शेरीनाल्याने सांगलीत कृष्णेचे काय केले हे सर्वांना ठाऊक असल्याने प्रक्रियेला कोणाचाच विरोध नव्हता. वाद होता तो पद्धतीचा. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. गायरानातील वीस गुंठ्यांत एकापुढे एक तीन तळी करावीत, पाणी पंधरा दिवस त्यांतून सावकाश पुढे सरकू द्यावे आणि बाकीचे काम जिवाणू, शेवाळ व ऊन यांच्यावर सोपवावे, असे मी मांडले. त्यावर दादा भर सभेत म्हणाले, "गुरुजी, गटारीसाठी तळं खणलं तर पाव्हणं नावं ठेवतील आपल्याला." सभा हसली आणि यंत्र मंजूर झाले.

उद्घाटनानंतर काही महिने ब्लोअर नीट चालला. पुढे वीजबिल थकू लागले. पाणीपुरवठ्याची मोटर आणि पथदिवे यांच्यानंतर सांडपाण्याचा क्रमांक लागत असल्याने ब्लोअर आधी रात्री आणि मग दिवसाही बंद राहू लागला. टाकीतील जिवाणू हवेवर जगतात, हे बिलाला कळत नाही. मी शाळेतील एक लिटरचे मोजपात्र घेऊन टाकीवर गेलो. टाकी निरोगी असेल तर पात्रातील तपकिरी गाळ अर्ध्या तासात खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहते. माझ्या पात्रात अर्ध्या तासानंतरही वरपासून तळापर्यंत काळे पाणी होते आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. ते पात्र मी दादांच्या ओसरीवर नेऊन ठेवले. त्यांनी फक्त ते उचलायला सांगितले. कालांतराने पॅनेलमध्ये गांधीलमाश्यांनी घर केले आणि कोणी पाहणीला येणार असले की धूर करून त्यांना हुसकायचे व यंत्र सुरू करायचे, असा रिवाज पडला. दादा अजूनही ऑपरेटरला दोष देतात. त्या माणसाचा पगार किती महिने तुंबला होता, हे मात्र ते सांगत नाहीत.

आपल्याकडे तर तळ्यांची बाजू अधिक भक्कम आहे. खाडीतील तिसऱ्या आणि कालवे हे शिंपल्यांतले खाद्य जीव पाणी गाळून अन्न घेतात व त्यासोबत मैल्यातील रोगजंतूही अंगात साठवतात. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार बीओडीची, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची, मर्यादा नदीत सोडताना लिटरला 30 मिलिग्रॅम, तर किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोडताना 100 आहे. हा सैल आकडा दाखवून ठेकेदार आपली समजूत काढील, पण बीओडी कमी झाला म्हणजे जंतू मेले असे नव्हे. ते शेवटच्या उथळ तळ्यात उन्हाने मरतात. यंत्रापुढे त्यासाठी निराळे क्लोरीन लागते, म्हणजे थकायला आणखी एक बिल.

अर्थात आमची काळी माती पाणी धरते, आपल्या वाळूत अस्तराशिवाय तळी केली तर विहिरी बाटतील. भरतीचे पाणी उलटे शिरू नये म्हणून शेवटच्या नळाला एकमार्गी झडप हवी, पागोळ्यांचे पाणी गटारात येता कामा नये आणि काठावर गवत माजू दिले तर डास होणारच. गावाजवळ अर्धा एकर मोकळी जागाच नसेल, तर माझे हे उत्तर आपल्या उपयोगाचे नाही.

तरीही यंत्रच घ्यायचे ठरले, तर त्याचे वीजबिल दरमहा कोणत्या निधीतून भरणार, हे ठरावातच लिहून घ्या आणि त्याशिवाय सही करू नका. आमच्या ठरावात ती ओळ मी घातली होती. दादांनी "नंतर बघू" म्हणून ती खोडली. इतिवृत्ताच्या वहीत ती आजही वाचता येते, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावी.