अडीच लाखांच्या गाडीत लाखभर घालावेत का?

इचलकरंजीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. 2014 ची स्विफ्ट डिझायर डिझेल, पावणेदोन लाख किलोमीटर झालेली. ज्योतिबाच्या चढावर निळा धूर मारते, बाराशे किलोमीटरला लिटरभर ऑईल खाते, पिकअप गेलाय आणि उन्हाळ्यात एकदा टेंपरेचरचा काटाही वर गेला. नेहमीच्या मेस्त्रींनी गाडी चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडून बघितलं, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, इंजिन करायला लागतंय" (म्हणजे सिलिंडरमधला दाब धूर होऊन झाकणातून उलटा येतोय, इंजिन खोलून दुरुस्त करावं लागेल) म्हणाले आणि 92 हजारांचा अंदाज दिला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने 1 लाख 65 हजार सांगितले. भंगारातलं जुनं इंजिन बसवून 55 हजारांत भागवतो, असं तिसरा एक म्हणतो. आणि मेव्हणे म्हणतात, चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आहे तशी 1 लाख 10 हजारांना फुंका आणि सात लाखांचं कर्ज काढून नवी सीएनजी गाडी घ्या. हातात पगार 52 हजार, घराचा हप्ता 14,500, बँकेत 2 लाख 20 हजारांची एफडी, महिना 5 हजारांची एसआयपी. वडिलांना महिन्यातून दोनदा कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं असतं. गाडीचा एकूण वापर महिना हजार किलोमीटर.

तुम्ही चौघांचे आकडे पाठवलेत, पण गाडीला नेमकं काय झालंय ते त्या चौघांपैकी कुणीच मोजलेलं नाही. त्यामुळे "92 हजार घालू का सात लाखांचं कर्ज काढू" या प्रश्नाला मी आज लगेच हो किंवा नाही म्हणणार नाही. आधी दोन-चार हजार खर्च करून तपासणी करा. या सगळ्या व्यवहारात सगळ्यात जास्त परतावा देणारे पैसे तेच आहेत.

झाकण उघडल्यावर धूर येणं ही खूण आहे, पण पुरावा नाही. डिझेल इंजिन इतकं चाललं की थोडा दाब तिथून येतोच. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय एवढंच कळतं. ते पिस्टनच्या घासलेल्या रिंगांमधून वर येतंय, व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरतंय की टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून हवेबरोबर आत जातंय, हे धुराच्या रंगावरून कळत नाही. तुमच्या तक्रारीत चढावर धूर आणि गेलेला पिकअप हे दोन्ही एकत्र आहे, म्हणून टर्बोवर माझा तरी संशय आहे. टर्बोकडून इंजिनकडे हवा नेणारा होज काढून बघायला सांगा. आत ऑईलचा हलका ओशटपणा चालतो, तळाशी ऑईल साचलेलं असेल तर टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघायचा. दोष तिथे निघाला तर बिल इंजिन करण्याच्या मानाने बरंच लहान असतं आणि मग तुमचा निम्मा प्रश्न संपतो. तोवर मात्र घाट आणि चढ टाळा. टर्बोतून ऑईल जास्त जायला लागलं तर डिझेल इंजिन त्या ऑईलवरच पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

टर्बो ठीक निघाला तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. नुसता "कमी आहे" चालणार नाही. चारही सारखेच थोडे कमी असतील तर ती सर्वसाधारण झीज. तीन बरे आणि एक पडलेला असेल तर गोष्ट वेगळी. मग लीक-डाऊन टेस्ट करायची, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑईलच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) किंवा हेडला तडा, सायलेन्सरकडून फुसफुसली तर व्हॉल्व्ह. तुमचा काटा एकदा वर गेलाय, त्यामुळे हेडचा प्रश्न मला सोडून देता येत नाही. कूलंट कमी होतंय का आणि डिपस्टिकवर दुधाळ साय दिसते का, हे तर तुम्ही घरीच बघू शकता.

एक गोष्ट काम सुरू करण्याआधी बोलून घ्या. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन मोजायला सहसा ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आत तापणाऱ्या कांड्या) काढतात. जुन्या गाडीत ते गंजून अडकलेले असतात आणि काढताना तुटले तर तो तुकडा काढण्याचं वेगळंच काम निघतं. तुटला तर खर्च कुणाचा, हे आधी ठरलेलं बरं.

एवढा खटाटोप कशासाठी? इंजिन एकदा खोललं की तुमचे पर्याय आटतात म्हणून. आज गाडी स्वतःच्या चाकांवर जाऊन 1 लाख 10 हजारांना विकली जाते. उद्या हेड खाली उतरवलेलं आणि पार्ट ट्रेमध्ये पडलेले असताना तीच गाडी विकायला काढा, तो आकडा कुणी देणार नाही. हे तुम्हालाही ठाऊक असतं आणि गॅरेजवाल्यालाही. मग "आता खोललंच आहे तर" म्हणून 92 चे 1 लाख 40 होतात. मेस्त्री लबाड असतो असं नाही. बोअर गेज आत घातल्याशिवाय बोअर किती खाल्लाय ते त्यालाही कळत नाही. म्हणून विकायचं का ठेवायचं, ते खोलण्याआधी ठरवा.

आता तपासणीत खरंच इंजिनाचं काम निघालं असं धरून हिशेब मांडू. मेव्हण्यांची म्हण इथे बसत नाही, कारण तुमच्याच पत्राप्रमाणे अशी गाडी इंजिन ठणठणीत असेल तर 2 लाख 40 हजारांना जाते. पण दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत यांची तुलना करणंच मुळात चुकीचं. गाडी तुम्हाला विकायची नाहीये, वापरायची आहे. म्हणून दर महिन्याला काय पडतं ते बघा.

तुमची आरसी 2029 पर्यंत आहे. तीन वर्षं धरू. दुरुस्तीचे 92 हजार, त्यावर पंचवीस टक्के "खोलल्यावर निघालं" खाती, म्हणजे 1 लाख 15 हजार. टायर, क्लच, बॅटरी, सर्व्हिसिंग मिळून वर्षाला 25 हजार, तीन वर्षांचे 75 हजार. आज 1 लाख 10 हजारांना जाणारी गाडी तेव्हा 60 हजारांना गेली, तर ते 50 हजार. बेरीज 2 लाख 40 हजार, महिना साधारण 6,700. विमा धरून साडेसात हजार म्हणा.

नवी गाडी: सात लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता 14,700 च्या आसपास. तीन वर्षांत 5 लाख 29 हजार भरून झाले तरी 3 लाख 20 हजार बाकी राहतात. गाडी तेव्हा 4 लाख 80 हजारांची धरली तर तुमच्या हाती खरे 1 लाख 60 हजार. सुरुवातीला घातलेले 1 लाख 10 हजार मोजले की महिना 13 हजार तीनशे पडतो, विमा-सर्व्हिसिंगसकट साडेचौदा. सीएनजीमुळे वाचतील म्हणून तुम्ही लिहिलेले 2 हजार वजा केले तरी साडेबारा. "इंधनाच्या बचतीत हप्ता निघतो" हे शोरूममध्ये ऐकायला गोड वाटतं. तुमच्या वापरात 14,700 पैकी 2 हजार निघतात.

महिना पाच हजारांचा हा फरक एक वेळ सोसता येईल. मला जास्त खटकतं ते वेगळंच: घराचा 14,500 आणि गाडीचा 14,700, दोन्ही हप्ते मिळून पगाराच्या 56 टक्के. एसआयपी बंद पडणार हे नक्की. वडिलांचं एखादं मोठं दुखणं निघालं तर एफडी मोडेल आणि हप्ते तसेच उभे राहतील. पत्रात वडिलांच्या आरोग्यविम्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर ही एफडी म्हणजेच त्यांचा विमा आहे, हे ध्यानात ठेवून गाडीचा विचार करा.

म्हणून माझा कौल दुरुस्तीच्या बाजूने आहे, पण 1 लाख 25 हजारांच्या मर्यादेत. तपासणीतून त्याहून मोठं काही दिसलं, म्हणजे ब्लॉकला तडा किंवा क्रँक बदलण्याची वेळ, तर न खोलता आहे तशी विका आणि साडेतीन-चार लाखांची वापरलेली पेट्रोल गाडी बघा. नवी नको.

सर्व्हिस सेंटरचे 1 लाख 65 हजार मी देणार नाही. हे 1248 सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. रांजणगावच्या कारखान्यातून हीच जात फियाट आणि टाटाच्या गाड्यांतही गेली. मारुतीने 2020 मध्ये डिझेल बंद केलं, तरी रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की पार्ट आणि हात बसलेला मेस्त्री, दोन्ही आपल्या भागात सहज मिळतात. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन असते. इंजिन खोलणारच असाल तर चेन किट त्याच वेळी टाकून घ्या, नाहीतर वर्षाने त्याच मजुरीचे पैसे पुन्हा मोजाल.

55 हजारांचं जुनं इंजिन मोहात पाडणारं आहे, पण नको. त्याच्या आत काय आहे हे तुमच्या इंजिनाइतकंच अंधारात, शिवाय त्यावरचा नंबर वेगळा. नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. इंजिन कुठल्या गाडीतून निघालं याचे कागद विकणाऱ्याकडे नसतील तर अपघाताच्या क्लेमच्या वेळी, किंवा गाडी विकताना, ते तुमच्या गळ्याशी येईल.

विम्यातून काही मिळेल का, असंही विचारलंय. नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटार विम्यात बसत नाही. "पाणी शिरलं म्हणून क्लेम टाका" असं कुणी सुचवलं असेल तर कानाआड करा. ती फसवणूक आहे आणि पकडली गेली तर नो क्लेम बोनस जाणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ शिक्षा. गाडी विकायची वेळ आली तर मात्र त्या बोनसचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या. तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला तो लावता येतो. आणि डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद, हे शेजाऱ्यांनी सांगितलेलं दिल्ली परिसराचं आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी करून, नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांसाठी वाढवता येते.

मेस्त्रींशी तुमची बारा वर्षांची ओळख आहे, म्हणून लिहून मागायला संकोच वाटतो, असं तुम्ही म्हणता. मागाच. अंदाजपत्रकात पार्ट, मजुरी आणि लेथचं काम वेगवेगळं हवं. हेडचं फेसिंग आणि बोअरचं काम बहुधा बाहेर लेथवाल्याकडे जातं, त्याचं बिल वेगळं बघा. ॲडव्हान्स फक्त पार्टपुरता द्या आणि पार्टची पक्की बिलं तुमच्या नावावर घ्या. हेड उतरवल्यावर तुम्ही स्वतः जा आणि बोअरची मापं तुमच्यासमोर घेऊ द्या. जुन्या रिंगा, बेअरिंग, गॅसकेट पोत्यात भरून परत मागा. घरी त्यांचा काही उपयोग नाही, पण परत द्यायचे आहेत म्हटलं की न बदललेला पार्ट बिलात येत नाही. काटा वर का गेला, त्याचं कारणही याच कामात शोधायला सांगा: थर्मोस्टॅट, पंखा, वॉटर पंप. ते तसंच राहिलं तर नवीन गॅसकेटही जाईल. सहा महिन्यांची हमी बिलावरच लिहून घ्या आणि कामानंतर पहिल्या हजार किलोमीटरला ऑईल बदलायला विसरू नका.

पैसे एफडीतूनच काढा. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कमी मिळेल, पण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांपेक्षा ते कितीतरी स्वस्त. सोनं तारण ठेवू नका, ते वडिलांच्या दुखण्यासाठी शेवटचं राहू द्या. 14,700 चा हप्ता भरायची तयारी होतीच, तर त्यातले 7 हजार पुढच्या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाका, एसआयपीला हात न लावता. दीड वर्षात एफडी पूर्ववत होईल आणि 2029 पर्यंत पुढच्या गाडीसाठी लाखाच्या वर रक्कम जमेल.

इंजिनाच्या कामाला गॅरेजवाले आठ दिवस म्हणतात, लेथवाल्याची रांग धरून तुम्ही तीन आठवडे धरा. तेवढ्यात वडिलांच्या एक-दोन फेऱ्या येतीलच. त्या भाड्याच्या गाडीचे पैसे आत्ताच बाजूला काढा आणि 1 लाख 25 हजारांतच मोजा.