फुकट द्यायचा फोटो, विकायचा फोटो

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सोलापूरच्या गड्डा यात्रेचे फोटो पाहिले. बाराबंदीतली माणसं आणि त्यांनी तोलून धरलेला नंदीध्वज, फ्रेम झकास जमलीय. हे फोटो नेटवर सगळ्यांना मोफत दिलेस म्हणून एक जुना फोटोग्राफर तुला म्हणाला, "तुम्हा हौशी लोकांनी आमच्या पोटावर पाय दिला." ते तुला फार लागलेलं दिसतं.

त्याचं दुखणं खरं आहे. कॅलेंडर, दिवाळी अंक, गाइडची मुखपृष्ठं यांना सूर्यास्त, बैलजोडी, वारकरी विकत घ्यावे लागत. तो पैसा गेला, आणि परत येईल असं मला वाटत नाही. पण तो एकट्या हौशींनी घालवलेला नाही. आयस्टॉकफोटो या वेबसाइटवर 2000 साली लोक एकमेकांना फोटो फुकटच द्यायचे. पुढे तिथे कवडीमोलाने विक्री सुरू झाली आणि 2006 मध्ये फोटो विकणाऱ्या गेटी या बड्या कंपनीने ती कंपनी 5 कोटी डॉलरला घेतली. मोफत फोटोंचं अनस्प्लॅशही 2021 मध्ये गेटीकडेच गेलं. फोटो काढणाऱ्यांच्या हातात काय पडलं, ते तूच बघ.

तेव्हा यात्रेचे फोटो खुशाल दे. फक्त परवाना वाचून दे, कारण क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे सगळ्यांना मोफत वापरू देण्याच्या तयार परवान्याखाली, एकदा दिलेला हक्क, अटी पाळणाऱ्याकडून परत घेता येत नाही. आणि त्या फोटोतल्या आजोबांचा चेहरा उद्या एखाद्या कर्जाच्या जाहिरातीत झळकला तर? तू परवाना दिलास म्हणजे त्यांची संमती मिळाली असं होत नाही.

मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तो चादरवाला म्हणतो, कॅटलॉग करून दे, खाली नाव छापतो. आणि तू तयार! अरे, हेच तर आपलं काम. त्याच्या चादरीचा फोटो नेटवर फुकट मिळणार नाही. प्रत्येक डिझाइनला तोच उजेड, मेंदीचा हिरवा हिरवाच दिसला पाहिजे, टॉवेलचे टाके मोजता आले पाहिजेत. रंग चुकला की माल परत येतो. तो सूतवाल्याला नाव छापून भागवतो का? इथे तू फुकट काम केलंस, तर ज्याचं घर यावर चालतं त्याचा दर तू पाडलास.

कायद्याचंही ऐक. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणाराच ठरतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तसं आहे. म्हणून वापर कुठे, किती काळ, मालकी कुणाची, हे कोटेशनमध्येच लिही. निम्मे पैसे आगाऊ माग.

माझ्या कोटेशनचा नमुना सोबत आहे. त्यातला जीएसटीचा रकाना काढून टाक; वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की बघू.

तुझा,
काका