बी.एड. झालं म्हणून पहिलीचा वर्ग मिळत नाही

अगं, बी.एड. हातात आहे म्हणजे कुठलाही वर्ग शिकवता येईल, असं धरून चालू नकोस. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीचं दार बी.एड.वाल्यांना बंद केलं. तिथे प्राथमिक शिक्षकांची पदविका, म्हणजे डी.एड. लागतं (आता त्याला डी.एल.एड. म्हणतात, पण स्टाफरूममध्ये अजून डी.एड.च). तू बी.एस्सी. बी.एड. आहेस, तेव्हा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन दे. तो सहावी ते आठवीसाठी. खुल्या प्रवर्गाला दीडशेपैकी नव्वद हवेत. नववी-दहावीला तुझी पदवी चालते, अकरावी-बारावीला मात्र त्याच विषयात एम.एस्सी. पाहिजे. माझ्या बी.एड. मैत्रिणीने पेपर एकची, म्हणजे पहिली ते पाचवीची, फी भरून टाकली होती, गेली ती फुकट. आणि जाहिरातीतला ‘गट’ रकाना (कितवी ते कितवीसाठी जागा आहे तो) आधी वाच, पगार नंतर.